आवाजाची चमक आणि आवाजाची बोच



वसंत व्याख्यानमालेत धर्म, वाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय यावेत अशी आपली जुनी वहिवाट आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ह्या प्रथेचा पाया घातला, तेव्हापासून श्रोत्यांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी घाम पुसत पुसत मोठमोठे विचार ऐकले आहेत. अशा मंचावरून मी आज लाऊडस्पीकरविषयी, आणि त्यातही त्याच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाविषयी बोलणार आहे. लाऊडस्पीकर म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो तो म्हणजे तो बंद कसा करावा! सदरसारख्या गजबजलेल्या भागात, आणि तेही ऐन लग्नसराईत, असा विचार येणे स्वाभाविकच आहे. परंतु माझा विषय चौकातला कर्णा नव्हे. आपण हौसेने, पैसे साठवून, घरी गाणे ऐकण्यासाठी जो ध्वनिक्षेपक आणतो, ज्याला 'हाय-फाय' असे नाव पडले आहे, त्याची पारख कशी करावी, हा माझा विषय आहे.

हा विषय मला क्षुल्लक का वाटत नाही, ते आधी सांगतो. पुष्कळ घरांत असे घडते की, मोठ्या उमेदीने संच आणला जातो. पहिला महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवला जातो. 'काय स्पष्ट आवाज आहे!' असे सगळे म्हणतात. मग हळूहळू ऐकणे कमी होते. यंत्र बिघडलेले नसते, कोणाची उघड तक्रारही नसते. पण एक रेकॉर्ड संपल्यावर दुसरी लावावीशी वाटत नाही. आतून हाक येते, 'अहो, जरा लहान करा हो तो आवाज!' आपण आवाज लहान करतो, आणि थोड्या वेळाने हाक पुन्हा येते. वर्षभरात त्या संचावर फुलदाणी येऊन बसते. गेले ते केवळ पैसे नव्हेत. त्या घरातले गाणे ऐकणेच गेले. आणि घरची माणसे समजतात, 'आम्हांला मुळी गाण्याची आवडच नाही.' आवड होती. कान थकले होते. ते कशाने थकले, हे ओळखता येते, आणि पैसे देण्यापूर्वीच ओळखता येते, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. 'हाय-फाय' ह्याचा अर्थ उच्च दर्जाची निष्ठा, आपल्या भाषेत सांगायचे तर इमान. मूळ आवाज जसा होता तसा तो पोचता करणे, त्यात स्वतःचे काही न घालणे आणि त्यातले काही न खाणे. म्हणजे हा ध्वनिक्षेपक चांगल्या निरोप्यासारखा असावा. निरोप्याचा स्वतःचा स्वभाव निरोपात उतरला, की निरोप बिघडला.

आता वरच्या पट्टीतला आवाज म्हणजे काय? तरुण, निरोगी कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. पुरुषाच्या गाण्यातले मूळ स्वर साधारणपणे १०० ते ५०० कंपनांच्या आसपास फिरतात, स्त्रीचा तारसप्तकातला स्वर हजाराच्या जवळपास जातो. मग त्यापुढचा एवढा मोठा प्रदेश कशासाठी? तो आहे उपस्वरांसाठी आणि व्यंजनांसाठी. सतार आणि सरोद एकाच षड्जावर वाजले तरी आपण त्यांना वेगळे ओळखतो, ते मुख्यतः ह्या उपस्वरांच्या जुळणीवरून आणि स्वर उमटतानाच्या आघातावरून. 'श'कारातील फुत्काराचा जोर तीन-चार हजार कंपनांच्या आसपास असतो, तर 'स'काराचा त्याहून वर, पाच ते आठ हजारांच्या घरात. 'साल' आणि 'शाल', 'सेर' आणि 'शेर' ह्यांतला भेद ह्याच प्रदेशात राहतो. तेव्हा वरचा आवाज हा केवळ दागिना नव्हे. अर्थाचा पुष्कळसा भार तोच वाहतो.

निसर्गाने आपला कान सर्व कंपनांना सारखाच तिखट केलेला नाही. कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची आहे. एका टोकाला बंद असलेली अशी नळी तिच्या चौपट लांबीच्या लहरीला, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरच्या लहरीला, विशेष साथ देते. आणि दहा सेंटिमीटरची ध्वनिलहर म्हणजे सेकंदाला सुमारे ३,४०० कंपने. म्हणून दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात कान सर्वांत जागरूक असतो. तान्ह्या मुलाच्या रडण्यातला जीव कासावीस करणारा अंश ह्याच पट्ट्यात पडतो. ध्वनिक्षेपकाने ह्या पट्ट्यात थोडीशी आगळीक केली, तरी ती आपणांस लागते. तीच आगळीक त्याने शंभर कंपनांवर केली असती, तर आपण कदाचित खपवून घेतली असती.

आता आजच्या व्याख्यानाचे मुख्य सूत्र सांगतो. चमक आणि बोच ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आवाज बोचला की आपण म्हणतो, 'ह्यात वरचा आवाज फार आहे.' वस्तुतः पुष्कळदा तो फार नसतो. तो खोटा असतो. खरा वरचा आवाज कितीही असला तरी सहसा बोचत नाही, आणि खोटा असला तर चिमूटभरही बोचतो.

ह्याचा पुरावा दूर शोधायला नको. विदर्भातल्या माणसाला खंजिरीचा आवाज माहीत नाही असे होणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाने ती घरोघर नेली. खंजिरीच्या कडेला बसविलेल्या धातूच्या चकत्यांचा आवाज म्हणजे जवळजवळ निव्वळ वरचा आवाज. देवळात, चार हातांवर बसून, तास-दोन तास ती ऐकली तरी माणूस कंटाळत नाही. त्याच खंजिरीचे ध्वनिमुद्रण वाईट यंत्रावर पाच मिनिटे लावा. डोके धरून बसाल. देवळात वरचा आवाज कमी होता काय? नव्हे, तिथे तो अधिकच होता. पण तिथे प्रत्येक चकतीचा नाद निराळा उमटत होता आणि निराळा विरत होता. यंत्राने त्या सगळ्यांचे मिळून एक चरचरणे केले.

दुसरा पुरावा तंबोऱ्याचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारी हिशेबखात्यात नोकरी करीत असताना १९१० च्या सुमारास काही काळ आपल्या ह्या नागपुरास होते. पुढे १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केले. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर युरोपातील शास्त्रज्ञांच्या नियमाप्रमाणे उमटू नये. पण तंबोऱ्यात आणि वीणेत तो स्पष्ट ऐकू येतो, असे रामन यांनी दाखविले. ह्याचे कारण घोडीत आहे. तंबोऱ्याची घोडी धारेची नसून किंचित गोलाईची, रुंद असते, आणि तार तिच्यावर क्षणोक्षणी टेकते व सुटते. घोडी आणि तार ह्यांमध्ये सुताचा धागा सरकवून आपण जी जवारी लावतो, ती म्हणजे ह्या उपस्वरांना वाट करून देणे. पुरुषगायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सेकंदाला सुमारे ७० वेळाच हलते, पण तिचे उपस्वर हजारोंच्या घरात चढत जातात. मिरजेच्या कारागिरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. २०२४ साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ह्या कारागिरांची भाषा ऐका. ते जवारी 'खुली' म्हणतात, 'बंद' म्हणतात, 'गोल' म्हणतात. जवारी फार उघडली तर तार चरचरते, फार दाबली तर तंबोरा मुका होतो. त्या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी आहे की, तिथे उपस्वर भरपूर असूनही ते मूळ स्वरात विरघळलेले असतात. ध्वनिक्षेपक ऐकताना आपणांस हीच जागा शोधावयाची आहे. म्हणजे ज्या गोष्टीला युरोप-अमेरिकेतले शौकीन शंभर शब्द शोधतात, तिची पारख आपल्या गवयांना आणि वाद्ये बनविणाऱ्यांना पूर्वीपासून आहे. आपण ती आपल्या दिवाणखान्यातल्या पेटीला लावीत नाही, इतकेच.

आता त्या पेटीच्या आत डोकावू. बहुतेक घरगुती ध्वनिक्षेपकांत दोन तोंडे असतात. मोठे तोंड खालचा आवाज काढते. कुत्र्याच्या भुंकण्यावरून इंग्रजीत त्याला वूफर हे नाव मिळाले. लहान तोंड वरचा आवाज काढते. पाखराच्या चिवचिवाटावरून ते ट्वीटर झाले. ट्वीटरचा घुमट बहुधा एक इंच व्यासाचा, रेशमी कापडाचा किंवा ॲल्युमिनियम, टायटॅनियम अशा धातूचा असतो. दोन ते तीन हजार कंपनांच्या दरम्यान एक छोटे विद्युत्‌मंडळ आवाजाची वाटणी करते: खालचा भाग इकडे, वरचा तिकडे. लक्षात घ्या, ही वाटणीची सीमा नेमकी त्या पट्ट्यात येते, जिथे आपला कान सर्वांत जागरूक आहे! भावाभावांच्या वाटणीत जसा बांधावर तंटा होतो, तसा इथेही बांधावरच होतो.

बोच कुठून उगम पावते ते आता थोडक्यात पाहू. एक म्हणजे, वूफरचा शंकू वरच्या कंपनांवर एकसंध हलेनासा होतो. त्याचे भाग वेगवेगळे थरथरू लागतात आणि तीन-चार हजारांवर एखादा उंचवटा उभा राहतो. अपराध वूफरचा आणि शिक्षा ट्वीटरला, असे पुष्कळदा होते. दुसरे म्हणजे, ट्वीटरला त्याच्या ताकदीपेक्षा खालच्या कंपनांचे काम दिलेले असते. लहान आवाजात तो ते निभावतो, मोठ्या आवाजात किंचाळतो. तिसरे, दुकानात चटकन नजरेत, म्हणजे कानात भरावा म्हणून ट्वीटरचा आवाज मुद्दामच दोन-तीन डेसिबेलने चढविलेला असतो. चौथे कारण ध्वनिक्षेपकाच्या बाहेरचे आहे: ॲम्प्लिफायर लहान आणि मागणी मोठी. त्याची शक्ती संपली की तो लहरींचे माथे छाटतो, आणि छाटलेल्या माथ्यांतून मुळात नसलेले उपस्वर निर्माण होतात. ट्वीटर जळतात ते पुष्कळदा ह्याच पायी.

धातू वाईट आणि रेशीम चांगले, अशी एक समजूत प्रचारात आहे. ती मनातून काढून टाकावी. एक इंची ॲल्युमिनियमच्या घुमटाचा स्वतःचा मुख्य झंकार सामान्यतः २०,००० च्या वर, माणसाला ऐकूच येणार नाही अशा जागी असतो. उलट नीट न बनविलेला रेशमी घुमटही कान फाडू शकतो. कशाचा बनविला आहे ह्यापेक्षा कसा बनविला आणि कसा जोडला आहे, ह्याला महत्त्व आहे. भाकरी चांगली होते ती केवळ पिठाने नव्हे.

आता कसोट्या सांगतो. त्यांना उपकरण लागत नाही; थोडा धीर लागतो.

पहिली कसोटी माणसाच्या बोलण्याची. इंग्लंडमधील बी.बी.सी. ह्या नभोवाणी संस्थेचे अभियंते ध्वनिक्षेपक तयार करताना स्टुडिओत बसलेल्या माणसाचे बोलणे प्रत्यक्ष ऐकत आणि लगेच तेच ध्वनिक्षेपकातून ऐकत. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात त्यांनी लहान गाड्यांत वापरण्यासाठी घडविलेला एल.एस. तीन-पाच-ए हा छोटा ध्वनिक्षेपक आजही शौकिनांत नावाजला जातो. आपल्याला तर मराठीने एक विशेष सोय करून दिली आहे. आपल्या भाषेत 'च'चे उच्चार दोन: 'चांदी', 'चोर', 'चाक' ह्यांतला दंत्य आणि 'चंद्र', 'चित्र' ह्यांतला तालव्य. 'ज'चेही तसेच: 'जाळे' आणि 'जीव'. एखाद्या चांगल्या मराठी वक्त्याचे किंवा नटाचे स्वच्छ ध्वनिमुद्रण लावा आणि हे दोन 'च' निराळे ऐकू येतात का ते पाहा. 'स' आणि 'श' ओठांपासून सुटून निराळे शिटीसारखे उडतात का, की शब्दातच राहतात, ते पाहा. शब्द एका जागेवरून आणि त्याचा 'स' दुसऱ्याच जागेवरून येत असेल, तर तो ध्वनिक्षेपक कितीही महाग असला तरी परत ठेवावा.

दुसरी कसोटी तंबोऱ्याची. कोणत्याही ख्यालाच्या मुद्रणात पहिला अर्धा-एक मिनिट केवळ तंबोरे वाजतात. बहुतेक माणसे गायक सुरू होण्याची वाट पाहतात. आपण तोच भाग ऐकावा. उपस्वर एकामागून एक उमलताना ऐकू यावेत. एकच एक उपस्वर दर आवर्तनात डोके वर काढीत असेल, तर तो तंबोऱ्याचा असण्यापेक्षा पेटीचा असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या पट्टीतले मुद्रण लावून पाहा. स्वर बदलला तरी तोच ठिपका चमकत राहिला, तर चोर सापडला.

तिसरी कसोटी टाळ्यांची. मैफलीच्या मुद्रणात शेवटी टाळ्या पडतात. चांगल्या ध्वनिक्षेपकावर त्या तळहातांच्या वाटतात. काही जवळच्या, काही दूरच्या, काही भरीव, काही पोकळ. वाईट ध्वनिक्षेपकावर कढईत मोहरी तडतडावी तशी ती फोडणी वाटते.

चौथी कसोटी काळाची, आणि ही सर्वांत मोठी. चमकणारा आवाज दोन मिनिटांत मन जिंकतो. बोच वीस-पंचवीस मिनिटांनी कळते. दुकानदार एका गाण्याचे कडवे संपण्याआधी दुसरे लावतो, ह्याला कारण आहे. आपण खुर्ची मागून घ्यावी आणि निदान अर्धा तास बसावे. ऐकताना खांदे आखडतात का, आवाज कमी करण्यासाठी हात पुढे जातो का, हे स्वतःकडे पाहून ओळखावे. आणि 'वापरून वापरून हा मऊ होईल' ह्या आश्वासनावर खरेदी करू नये. ट्वीटर त्या मानाने फारच थोडा बदलतो. बदलतो तो आपला कान. तो सोसायला शिकतो.

पाचवी कसोटी झाकल्या डोळ्यांची. फ्लॉइड टूल ह्या कॅनडातील संशोधकाने ह्या विषयावर आयुष्य वेचले. श्रोत्यांना पडद्याआड ठेवलेले ध्वनिक्षेपक ऐकविले, की त्यांची मते पुष्कळशी जुळतात, आणि सपाट, समतोल, आजूबाजूलाही सारखा पसरणारा आवाज त्यांना आवडतो, असे त्याला आढळले. १९९४ साली त्याने व शॉन ऑलिव्ह ह्या त्याच्या सहकाऱ्याने हेही दाखविले की, तेच श्रोते तेच ध्वनिक्षेपक डोळ्यांनी पाहू लागले की मते बदलतात. पेटीचा आकार, किंमत आणि नाव कानात शिरते. तेव्हा दुकानात पाठ फिरवून बसा आणि बरोबरच्या माणसाला अदलाबदल करायला सांगा. मात्र दोहोंचा आवाज सारखा ठेवावयास हवा. किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते.

ह्या कसोट्या वापरताना एक तारतम्य ठेवावे. एकाच मुद्रणात बोच असेल, तर दोष मुद्रणाचा. आजकालची पुष्कळ गाणी मुद्रण करतानाच इतकी दाबून फुगविलेली असतात की, बिचाऱ्या ध्वनिक्षेपकाने इमानाने वागायचे तर बोचावेच लागते. सगळ्याच मुद्रणांत तीच बोच असेल, तर दोष ध्वनिक्षेपकाचा. केवळ मोठ्या आवाजातच असेल, तर ॲम्प्लिफायर किंवा ट्वीटर अपुरा. आणि दुकानात नव्हती पण घरी आहे, असे असेल तर? तर दोष आपल्या खोलीचा.

खोलीविषयी नागपूरकरांना दोन शब्द मुद्दाम सांगावेसे वाटतात. आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. गुळगुळीत फरशी, चुना-सिमेंटच्या भिंती, गालिचा नाही. पाय थंड राहतात, पण वरचा आवाज ह्या सहा कठीण पृष्ठांमध्ये चेंडूसारखा उसळत राहतो. खोलीत उभे राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागून टर्र असा शेपटीसारखा आवाज आला, तर नवा ध्वनिक्षेपक घेण्यापूर्वी एक सतरंजी घ्यावी. समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट, खिडकीला जाड पडदा, बसायला गादी. एवढ्यावर पुष्कळ बोच निघून जाते. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. तरीही टोचत असेल, तर पेटीचे तोंड किंचित बाजूला वळवावे.

दुसरा शब्द कूलरविषयी. एप्रिल ते जून आपल्याकडे कूलर हा घरातला एक सभासदच असतो. त्याच्या घरघरीखाली वरचा नाजूक आवाज बुडून जातो. मग आपण ट्रेबलचे बटण चढवितो, किंवा दुकानात कूलर चालू असताना जो ध्वनिक्षेपक स्पष्ट वाटला तोच पसंत करतो. पाऊस पडतो, कूलर बंद होतो, आणि पाखरू एकाएकी कावळा होते. तेव्हा खरेदी मे महिन्यात करायची असेल, तर दहा मिनिटे कूलर बंद करायला सांगावे. घाम येईल, पण वर्षभराचा ताप वाचेल.

आता एका नाजूक बाबीकडे वळतो. वाढत्या वयाबरोबर वरची कंपने ऐकू येईनाशी होतात. पन्नाशीच्या माणसाला बारा हजारांच्या पुढचे पुष्कळदा काही ऐकू येत नाही. म्हणून घरातल्या कर्त्या पुरुषाने एकट्याने जाऊन ध्वनिक्षेपक निवडणे, हे मला धोक्याचे वाटते. जे त्याला ऐकूच येत नाही ते घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला दिवसभर टोचत राहील. उलट म्हाताऱ्या माणसांचे निराळेच दुःख असते. आजोबा म्हणतात, 'मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.' नातू मोठ्याने बोलला, की म्हणतात, 'ओरडतोस कशाला?' नातवाला वाटते आजोबा चिडके झाले. आजोबा चिडके नसतात. आतल्या कानाची झीज झाली की हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढताच तो एकदम मोठा व बोचरा वाटतो, असा हा विकारच आहे. अशा माणसाला कीर्तन किंवा बातम्या ऐकवायच्या, तर आवाज वाढवून भागत नाही. व्यंजने स्वच्छ पाहिजेत. म्हणून सच्चा ट्वीटर हा शौकिनाचा चोचला नाही. घरातल्या वृद्धाला जगाशी जोडणारा तो धागा आहे.

ह्याच कारणासाठी उलट्या टोकाच्या चुकीपासूनही सावध करतो. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी गाणे ऐकले ते मध्यम लहरींवर. त्या लहरींवर शेजारशेजारच्या केंद्रांमधले अंतर पुढे ९,००० कंपनांचे ठरले, म्हणजे साडेचार-पाच हजारांच्या वरचा आवाज श्रोत्यापर्यंत फारसा पोचतच नसे. त्या मऊ, किंचित झाकलेल्या आवाजावर आपले प्रेम बसले. प्रेम खरे, पण त्याला सत्याचे माप समजू नये. बोच नको म्हणून ट्रेबल पार उतरवून ठेवणे, ट्वीटरवर कापूस लावणे, हे म्हणजे चरचरते म्हणून तंबोऱ्याची जवारीच काढून टाकणे होय. आवाज गोड होईल, पण मुका होईल. बटण उतरवायचेच तर थोडे, दोन-तीन डेसिबेल उतरवावे, आणि 'साल' व 'शाल' निराळे ऐकू येतात तोवरच.

मग खरे माप कुठे मिळेल? नाट्यगृहातही नाही, कारण सभागृह कितीही चांगले असो, तिथे आपण बहुधा लाऊडस्पीकरच ऐकत असतो. १९५४ साली गिल्बर्ट ब्रिग्ज ह्या इंग्रज कारखानदाराने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो श्रोत्यांपुढे प्रत्यक्ष वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकविले. आपल्या मालाला त्याने खऱ्या वाद्याच्या शेजारी उभे केले, हे त्याचे धाडस मला मोठे वाटते. आपणही आपल्या कानाला अधूनमधून खऱ्या आवाजाशेजारी उभे करावे. शेजारच्या संगीतवर्गात पाच मिनिटे तंबोऱ्याजवळ बसावे. भजनात खंजिरीपाशी बसावे. घरातल्या मुलीने मोठ्याने धडा वाचला तर कान देऊन ऐकावा. ज्याने खरा रुपया हाताळला आहे, त्याला खोटा लगेच ओळखता येतो. त्याला नाण्यांचे शास्त्र शिकावे लागत नाही.

मंडळी, कागदावरचे आकडे वाईट नसतात. पण '२० ते २०,०००' एवढेच छापलेले असेल, तर त्यावरून काही कळत नाही. त्या मर्यादेत उंचवटे किती आणि खड्डे किती, हे त्यात नसते. नागपूर ते मुंबई रस्ता आहे एवढे सांगितल्याने तो कसा आहे ते कळत नाही, तसेच हे. शेवटी निकाल देणारा कान आपलाच. त्याला 'मला ह्यातले काही कळत नाही' असे म्हणून आपण उगाच अपमानित करतो. जो कान आईचा आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखतो, तो एका पेटीचे इमान ओळखू शकत नाही, हे मला पटत नाही. त्याला खरे माप द्या, थोडा वेळ द्या आणि घरातल्या सगळ्यांना मत द्या.

आणि आतून 'अहो, जरा लहान करा' अशी हाक आली, तर ती रसिकतेचा अभाव समजू नका. घरातला सर्वांत नि:पक्षपाती परीक्षक तो आहे. त्याने पेटीची किंमत पाहिलेली नसते, नाव वाचलेले नसते. त्याने फक्त आवाज ऐकलेला असतो.